कालसर्प शांती : सांत्वनाच्या विधीत भीती कुठून शिरली

परिस्थिती नेहमीची आहे. मुलगा एकतिशीचा, नोकरी बरी, घर स्वतःचं, तरी लग्न जमत नाही. बोलणी साखरपुड्यापर्यंत जाऊन मोडतात. शेवटी आई पत्रिका घेऊन ज्योतिषांकडे जाते. संगणकावर काढलेल्या कुंडलीकडे पाहून ते सांगतात, "कालसर्प आहे. शांत करून घ्या, नाहीतर जमलेलंही टिकायचं नाही." मग त्र्यंबकेश्वरला फोन जातो. तिथून दोन प्रश्न येतात : शांती सामुदायिक करायची की स्वतंत्र, आणि पत्रिकेत पितृदोषही असेल तर त्याच फेरीत नारायण नागबळी हा तीन दिवसांचा विधीही उरकून घ्यायचा का?

हे कुणा एका घराचं वर्णन नाही. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत गोष्ट याच क्रमाने घडते, म्हणून तो क्रमच इथे प्रकरण म्हणून घेतला आहे. परंपरेचं कर्मकांड कसं होतं यावर मोघम बोललं की सगळा दोष पुरोहितांवर नाहीतर लोकांच्या भाबडेपणावर टाकून मोकळं होता येतं. एक विधी घेऊन त्याचे सांधे उकलले की कळतं, बिघाड एका जागी झालेला नाही.

पत्रिकेत नेमकं काय पाहिलं जातं

राहू आणि केतू म्हणजे आकाशातले दोन बिंदू. सूर्याच्या भासमान मार्गाला चंद्राचा मार्ग जिथे छेदतो, ते. एकमेकांपासून नेहमी १८० अंशांवर असतात, उलट्या दिशेने सरकतात, एका राशीत साधारण दीड वर्ष काढतात आणि पूर्ण फेरी सुमारे १८.६ वर्षांत करतात. या दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या एकाच बाजूला रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी असे सातही आले की कालसर्प म्हणतात. राहू कुंडलीच्या कोणत्या स्थानात आहे त्यावरून अनंत, कुलिक, वासुकी, शंखपाल, पद्म, महापद्म, तक्षक, कर्कोटक, शंखचूड, घातक, विषधर आणि शेषनाग अशी बारा नावं दिली जातात.

आता या व्याख्येचं गणित पाहू. ज्योतिष मानणाऱ्यांनीही ते एकदा करून पाहावं, कारण त्यासाठी पंचांगाबाहेरचं काहीच लागत नाही. बुध रवीपासून २८ अंशांपलीकडे जात नाही, शुक्र ४७ अंशांपलीकडे जात नाही. म्हणजे हे तिघे बहुतेक वेळा जवळजवळच असतात. गुरू एका राशीत साधारण वर्षभर राहतो, शनी अडीच वर्षं. त्यामुळे योग होणार की नाही, हे आधी या दोन मंद ग्रहांवर ठरतं. ते राहू-केतूच्या रेषेच्या दोन बाजूंना असतील, तर बाकीचे काहीही करोत, पूर्ण कालसर्प होऊच शकत नाही.

२०२४ सालाचं उदाहरण घ्या. राहू वर्षभर मीनेत, केतू कन्येत. गुरू आधी मेषेत, १ मेपासून वृषभेत. शनी वर्षभर कुंभेत. म्हणजे गुरू एका बाजूला आणि शनी दुसऱ्या. त्या वर्षी जगभरात जन्मलेल्या एकाही बाळाच्या पत्रिकेत पूर्ण कालसर्प नाही. आता जून २०२५ पाहा. राहू कुंभेच्या शेवटच्या अंशांत, केतू सिंहेच्या शेवटच्या अंशांत, आणि शनी मीनेत, शुक्र मेष-वृषभेत, गुरू मिथुनेत, रवी वृषभ-मिथुनेत, बुध वृषभेपासून कर्केपर्यंत, मंगळ कर्क-सिंहेत. सहा ग्रह महिनाभर एकाच बाजूला. उरला चंद्र. तो २७ दिवसांत राशिचक्र फिरतो, म्हणजे साधारण साडेतेरा दिवस या बाजूला आणि तेवढेच त्या बाजूला. तो या बाजूला असताना जन्मलेल्या झाडून सगळ्या मुलांना कालसर्प आहे. नाशिकच्या, नैरोबीच्या, टोकियोच्या, सगळ्या. लग्नरास, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी आणि जिच्यापासून कुंडलीची स्थानं मोजतात ती रास, साधारण दोन तासांनी बदलते, त्यामुळे त्यांतल्या एकाच दिवशी एकाच प्रसूतिगृहात बाराही 'प्रकार' जन्माला येतात.

म्हणजे जे एका माणसाच्या कपाळावर लिहिलेलं म्हणून सांगितलं जातं, ते प्रत्यक्षात पंधरवड्याच्या मापाने पडतं. काही वर्षं अजिबात नाही, मग अचानक लाखोंना. आपल्या मुलाच्या वर्गात त्याच पंधरवड्यात जन्मलेला दुसरा मुलगा असेल, तर त्यालाही 'तोच साप' आहे, आणि त्याचं लग्न कदाचित वेळेवर झालेलंही असेल.

याहून महत्त्वाची गोष्ट, हा दोष जुन्या ग्रंथांत नाही. वराहमिहिराच्या बृहज्जातकात 'सर्प' नावाचा योग आहे, पण तो पापग्रह कुंडलीच्या केंद्रांत (पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या स्थानांत) असण्याचा आहे. बृहत्पाराशरीत सर्पशापामुळे संतती न होण्याचे योग सांगितले आहेत. पण सातही ग्रह राहू-केतूत अडकल्याचा दोष, त्याचे बारा प्रकार आणि त्याची शांती या ग्रंथांत सापडत नाही. त्याचा बोलबाला गेल्या काही दशकांतला आहे. परंपरेतले काही जाणकार ज्योतिषीही हा योग मानत नाहीत. तरीही त्याला परंपरेचं वजन मिळालं, कारण तो जुन्या तीर्थाला आणि जुन्या विधीला चिकटवला गेला. सात ग्रहांतला एक रेषेबाहेर निघाला तर 'आंशिक कालसर्प' म्हणायची सोय आहे, म्हणजे सुटका झालेलाही पुन्हा आत येतो.

मूळचा विधी कशासाठी होता

इथे जरा थांबून पाहिलं पाहिजे, कारण त्र्यंबकच्या विधींना सरसकट लुबाडणूक ठरवणं हे अज्ञान आहे. नारायणबळी हा जुना विधी आहे, गरुडपुराणात त्याचं वर्णन आहे. तो कुणासाठी? बुडून, भाजून, सर्पदंशाने, पडून मेलेल्यांसाठी, आत्महत्या केलेल्यांसाठी. अशा मृत्यूंना धर्मशास्त्र दुर्मरण म्हणतं, आणि त्यांना नेहमीची और्ध्वदेहिक म्हणजे मृत्यूनंतरची कर्मं सरळ लागू होत नाहीत. मुलाने विहिरीत उडी घेतली आणि वर 'त्याचं श्राद्ध करता येत नाही' असं ऐकावं लागलं, त्या आईबापांची अवस्था डोळ्यांसमोर आणा. नारायणबळीने त्यांच्यासाठी दार उघडलं. ब्रह्मा, विष्णू, रुद्र, यम आणि प्रेत या पाचांची स्थापना करून, पिंड देऊन, त्या जिवाला पुन्हा पितरांच्या ओळीत बसवलं. गावाने ज्याचं नाव घ्यायचं टाळलं होतं, त्याचं नाव आणि गोत्र मोठ्याने उच्चारलं गेलं.

नागबळीचंही तसंच. शेतात नांगराखाली, कुऱ्हाडीने, घाबरून नाग मारला गेला की मनाला लागून राहतं. त्यासाठी गव्हाच्या पिठाचा नाग करायचा, त्याचा माणसासारखा अंत्यसंस्कार करायचा, सुतक पाळायचं. मारलेल्या प्राण्यासाठी माणूस सुतक धरतो, यात किती माया आहे! हे दोन्ही मिळून तीन दिवस चालतं. मुख्य कर्म स्मशानाजवळ होतं, आणि तिसऱ्या दिवशी गणेशपूजन, पुण्याहवाचन होऊन सोन्याच्या नागप्रतिमेची पूजा आणि दान होतं. आधी शोक, मग शुद्धी, मग पुन्हा मंगल. ज्याच्या घरात खरंच असा मृत्यू झाला आहे, त्याला या तीन दिवसांत पुष्कळ काही मिळू शकतं.

दोन्ही विधींना निमित्त घडून गेलेलं असतं, हे नीट लक्षात घ्यावं. कुणी तरी गेलं आहे, काही तरी हातून झालं आहे. धर्मशास्त्रात यांना नैमित्तिक कर्म म्हणतात. निमित्त असेल तर करायचं, नसेल तर नाही.

उलटापालट कुठे झाली

पहिली कडी निमित्तात बदलली. घडलेल्या मृत्यूच्या जागी अडचण आली : लग्न जमत नाही, मूल होत नाही, धंदा बसला, स्वप्नात साप दिसतात. आता अडचणीवरून मागे जाऊन मृत्यू शोधायचा. "घराण्यात कुणी अपघाताने गेलंय का?" असं विचारलं, तर तीन-चार पिढ्यांत कुणी तरी निघतंच. पूर्वी पटकी, प्लेग, बाळंतपण, सर्पदंश यांनी माणसं जात होती, असं घर कुठून आणायचं जिथे एकही अकाली मृत्यू नाही? आणि उत्तर 'नाही' आलं, तरी 'तुम्हाला ठाऊक नसेल' हे आहेच. ज्या आजोबांच्या भावाची आठवण मायेने निघायला हवी होती, तो आता नातवाचं लग्न अडवणारा झाला. पितरांशी असलेलं नातंच यात नासलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोठं नुकसान हेच आहे, पैशाचं त्याच्या खूप खाली येतं.

दुसरी कडी कालसर्पाने जोडली. त्याला तर मृत्यूचंही निमित्त लागत नाही, जन्मवेळ पुरते. विधी आता न घडलेल्या गोष्टीसाठी होऊ लागला, आणि न घडलेल्या गोष्टीचं दुःख नसतं, तिची भीतीच असू शकते. ती नसेल तर आधी निर्माण करावी लागते. म्हणून 'जमलेलंही टिकायचं नाही' हे वाक्य येतं, म्हणून 'पुढच्या पिढीला भोगावं लागेल' हे येतं.

तिसरी कडी उपाध्ये आणि यजमान यांच्यातली. त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या आहेत. गाव, आडनाव सांगितलं की पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, हे त्यातून निघतं. या वह्या म्हणजे मोठा ठेवा आहे. त्या व्यवस्थेत उपाध्ये एका घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत, आणि 'तुम्हाला याची गरज नाही, कुशावर्त कुंडात स्नान करा, त्र्यंबकराजाचं दर्शन घ्या आणि परत जा' असं म्हणण्याइतका त्यांचा अधिकार होता, यजमान परत येणार हा भरवसाही होता. फोनवर तारीख ठरवून येणारा यजमान पुन्हा येईलच असं नाही. त्याला नाही म्हणणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. आजही नाही म्हणणारे उपाध्ये आहेत. पण आलेला माणूस भीती घेऊन आलेला असतो, एकाने नाही म्हटलं की तो शेजारच्या दारात जातो. मागणीही भीतीनेच केलेली आहे, एवढं मान्य करायला हवं.

त्याच डोंगरावरची दुसरी गोष्ट

विठ्ठलपंतांच्या मुलांना मुंजीचा अधिकार नाकारला गेला, कारण बाप संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतला होता. म्हणजे दोष जन्माचाच. परंपरा सांगते की दोषनिवारणासाठी ते कुटुंब त्र्यंबकला आलं, अनुष्ठान केलं, तिथल्या ब्रह्मगिरी डोंगराची प्रदक्षिणा घालू लागलं. एका रात्री वाघ समोर आला, पळापळ झाली आणि निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरला. तिथे गहिनीनाथ होते. त्यांनी त्याला नाथपंथाचा उपदेश दिला, तो त्याने ज्ञानदेवांना दिला. जन्मदोषाची शांती मागायला आलेल्या मुलाला डोंगराने भीती ओलांडायचा मार्ग दिला. वारकरी पंथाची ही धार आहे, आणि निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकमध्येच आहे. पौष वद्य एकादशीला तिथे दिंड्या येतात, हरिपाठ म्हणत.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अज्ञानाची लक्षणं सांगताना एक माणूस उभा केला आहे. एकादशीला देवाला जेवढा मान, तेवढाच पंचमीला नागांना. चौथ आली की हा गणेशाचा, चावदस आली की दुर्गेचा. श्राद्ध आलं की पितरांचा. त्याची एकाही ठिकाणी निष्ठा नाही, सगळीकडे हिशेब आहे. सातशे वर्षांपूर्वी हे रोगनिदान मराठीत, लोकांच्या भाषेत होऊन गेलं आहे. कालसर्पाला विरोध करताना बाहेरून कुठला विचार आणायची आपल्याला गरज नाही.

शांतीच्या दिवशी

आदल्या दिवशी त्र्यंबकला पोचायचं. सकाळी कुशावर्तात स्नान, कोरी वस्त्रं, काळा रंग नको, कांदा-लसूण नको. मग संकल्प, गणेशपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध, नवग्रह, नागप्रतिमांची पूजा, हवन, शेवटी चांदीच्या नागांचं विसर्जन. दोन-तीन तासांत आटोपतं. सामुदायिक असेल तर एका दालनात ओळीने पाट मांडलेले असतात, पुढे एकजण मंत्र सांगतो आणि प्रत्येकाने आपलं नाव-गोत्र ज्या त्या जागी घालायचं असतं. गोत्र ठाऊक नसेल तर 'काश्यप' म्हणायचं.

संकल्प हा विधीचा कणा. कोण, कुठे, कोणत्या तिथीला, कशासाठी हे कर्म करतो, हे यजमानाने स्वतः जाणून म्हणायचं असतं. इथे तो तुकड्यातुकड्याने मागून म्हटला जातो, 'कशासाठी' हा भाग संस्कृतात निघून जातो. विचारलं तर अर्थ सांगणारे पुरोहित आहेत, पण विचारायला फारसं कुणी धजत नाही. मंत्र चुकला तर? मध्येच बोललं तर? त्यामुळे माणूस दोन तास पुढचं पान, पुढची सुपारी, पुढची अक्षता सांभाळत बसतो.

बाईच्या वाट्याला आणखी एक येतं. जोडप्याने बसायचं असेल तर तिच्या पाळीवर तारीख ठरते, आणि तारीख मिळाली की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात, पुष्कळदा डॉक्टरांना न विचारता, परस्पर औषधाच्या दुकानातून. रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास असेल, यकृताचा आजार असेल, तर या गोळ्या धोक्याच्या आहेत. तिच्या शरीराशी केलेली ही तडजोड कुणाच्या हिशेबात नसते.

नंतर काय होतं? लग्न जमलं तर शांतीमुळे. नाही जमलं तर कारणं तयारच आहेत : सामुदायिक केली म्हणून, मन लावून बसला नाहीत म्हणून, पितृदोष शिल्लक आहे म्हणून. एकही निकाल असा नाही, ज्याने दोष खोटा ठरेल. त्यामुळे त्रिपिंडी श्राद्ध, मग नारायण नागबळी, अशी साखळी वाढते.

सर्वांत महाग पडतो तो वेळ. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांत हे ठळक दिसतं. वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नाही, किंवा बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांत, दोघांची तपासणी व्हायला हवी. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी असते, आधी दोन ते सात दिवसांचा संयम एवढीच तयारी. पण तीच टाळली जाते, आणि बायको मात्र तीन दिवस स्मशानाजवळच्या विधीला बसते. लग्न न जमण्याचंही तसंच. बोलणी कशावर मोडली, हे मध्यस्थाला सरळ विचारलं तर बहुतेकदा कळतं : पगार, गाव, घरात किती माणसं, मुलीच्या नोकरीबद्दल मुलाचं म्हणणं. कालसर्पाचं नाव पडलं की हा प्रश्नच विचारायचा राहतो.

कायद्याकडून इथे फार अपेक्षा ठेवू नये. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अघोरी आणि अमानुष प्रथांसाठी आहे, ज्योतिषाचा सल्ला त्याने बाहेर ठेवला आहे.

घराने काय करावं

पंचांग घेऊन जन्मदिवसाचे राहू-केतूचे अंश आणि सातही ग्रहांचे अंश एका कागदावर लिहावेत. राशीवर जाऊ नये, अंश पाहावेत. एकही ग्रह रेषेच्या पलीकडे असेल, तर सांगणाऱ्यांच्याच व्याख्येने योग नाही. सगळे एकाच बाजूला असतील, तर त्याच आठवड्यात जन्मलेले नात्यातले, ओळखीतले दोघेतिघे शोधून त्यांचं काय चाललंय ते पाहावं. आईच्या मनातली भीती वाद घालून जात नाही, पण हा कागद समोर आला की बोलणं सुरू होतं.

घरात खरंच दुर्मरण झालेलं असेल आणि त्याचं कुणीच काही केलं नसेल, तर नारायणबळी करावा, लग्नाशी त्याचा संबंध न जोडता. आधी पुरोहितांना भेटून संकल्प मराठीत सांगायला लावावा, त्यात त्या माणसाचं नाव घालावं. संकल्पात विवाहसिद्धी, धनलाभ असं काही येत असेल तर ते वगळायला सांगावं. तीन दिवस निघत नसतील तर पितृपक्षातली चतुर्दशी अशाच अपघाती, शस्त्राने गेलेल्यांसाठी राखलेली आहे. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या. घरी तर्पण करायला काळे तीळ, दर्भ, पाणी आणि तांब्याचं ताम्हन पुरतं. दक्षिणेकडे तोंड करून, अंगठा आणि तर्जनीच्या मधून, नाव-गोत्र घेऊन तीन-तीन वेळा पाणी सोडायचं. बाप, आजा, पणजा, मग आईकडचे, मग ज्यांचं कुणी उरलेलं नाही ते.

शांती करून झालेलीच असेल आणि आता 'पुन्हा करावी लागेल' असं कुणी सांगत असेल, तर उत्तर शास्त्रातच आहे. नैमित्तिक कर्म एका निमित्ताला एकदाच होतं, आणि जन्मवेळ काही पुन्हा येत नाही.